एकदाच विचारलेला प्रश्न

परभणी जिल्ह्याची जमीन बहुतांशी काळी आहे. पूर्णा, दुधना आणि गोदावरी या नद्यांच्या काठी पसरलेल्या या भुईत कापूस, ज्वारी, तूर आणि सोयाबीन ही पिके घेतली जातात. वरवर पाहणाऱ्यास सारी माती सारखीच दिसते; परंतु एका शेतात स्फुरद पुरेसे असते, तर बांधापलीकडच्या शेतात ते उणे असते. हा भेद डोळ्यांना कळत नाही. म्हणून जाणता शेतकरी पेरणीपूर्वी मातीचा नमुना परीक्षणासाठी पाठवितो. प्रयोगशाळेत मातीचा सामू तपासतात, तसेच सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद आणि पालाश यांचे प्रमाण काढतात व ते एका पत्रिकेवर लिहून देतात. अशा मृद आरोग्य पत्रिका देण्याची योजना भारत सरकारने २०१५ साली देशभर सुरू केली. एकदा पत्रिका हाती आली, की खताची प्रत्येक गोणी फोडताना शेतकरी पुन्हा मातीची पिशवी घेऊन प्रयोगशाळेकडे धावत नाही. तो पत्रिका पाहतो आणि त्याप्रमाणे खत देतो.

संगणकही आपले काम सुरू करताना असेच परीक्षण करतो व त्याची पत्रिका लिहून ठेवतो.

जिंतूर, सेलू किंवा गंगाखेड येथील एखाद्या केंद्रात सातबाराचा उतारा काढून देणारा संगणक असतो. त्याची कळ दाबल्यापासून पडद्यावर चित्र उमटेपर्यंत जो अल्प काळ जातो, त्यात आत मोठी गडबड चाललेली असते. संगणकाचे सर्व व्यवहार ज्या मूळ आज्ञावलीच्या हाती असतात, तिला कर्नल म्हणतात. या इंग्रजी शब्दाचा अर्थ दाण्यातील गर असा आहे. बाहेरची टरफले कितीही निराळी असली तरी जीव गरात असतो. संगणकाचेही तसेच आहे. हेलसिंकी येथील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने १९९१ साली लिहावयास घेतलेले लिनक्स हे अशा कर्नलांपैकी अतिशय प्रसिद्ध होय. पुण्यास मुख्यालय असलेल्या सी-डॅक या संस्थेची ‘बॉस’ नावाची भारतीय कार्यप्रणाली याच कर्नलावर उभारलेली आहे.

कर्नल जागे होते तेव्हा आपण कोणत्या प्रोसेसरवर चाललो आहोत, हे त्याला ठाऊक नसते. प्रोसेसर म्हणजे आज्ञा पाळणारी मुख्य चकती. ती जुनी असेल किंवा नवी असेल. एका कारखान्याची असेल किंवा दुसऱ्या. काही प्रोसेसरांना एका दमात अनेक संख्यांची बेरीज करता येते, तर काहींना येत नाही. जी आज्ञा प्रोसेसरला ठाऊक नाही ती त्यास दिली, तर तो काम तेथेच थांबवितो आणि ‘ही आज्ञा अवैध आहे’ अशी तक्रार करतो. एखाद्या साध्या आज्ञावलीच्या बाबतीत असे झाले तर तेवढीच बंद पडते. परंतु कर्नलाकडून ही चूक घडली तर सारा संगणकच ठप्प होतो. म्हणून कर्नलाला आधी विचारपूस करावी लागते.

१९९३ साली आलेल्या पेंटियम या प्रोसेसरबरोबर या विचारपुशीसाठी एक खास आज्ञा रूढ झाली. तिला सीपीयू-आयडी म्हणतात. कर्नल एका ठरावीक कप्प्यात प्रश्नाचा क्रमांक ठेवते व ही आज्ञा देते. प्रोसेसर चार कप्प्यांत उत्तर भरून देतो. शून्य क्रमांकाच्या प्रश्नाला उत्तर म्हणून निर्मात्याची ओळख येते. ही ओळख बरोबर बारा इंग्रजी अक्षरांची असते, कारण तिच्यासाठी तीन कप्पे राखलेले असून प्रत्येकात चारच अक्षरे मावतात. पुढील क्रमांकांच्या उत्तरांत प्रत्येक कप्प्यात बत्तीस बिट येतात. बिट म्हणजे ० किंवा १. त्यांतील अनेक बिटांना एकेका गुणाचा अर्थ दिलेला असतो. १ असेल तर तो गुण आहे, ० असेल तर नाही.

आता असा प्रश्न पडेल की, विचारणे इतके सोपे असेल, तर गरज पडेल तेव्हा विचारावे. टिपून ठेवण्याचा खटाटोप कशाला? याचे कारण या प्रश्नाची किंमत होय. प्रोसेसरचे काम घड्याळाच्या ठोक्यांवर चालते. त्याच्या अगदी निकटच्या स्मृतीत ठेवलेली संख्या वाचावयास चार-पाच ठोके पुरतात. सीपीयू-आयडीच्या प्रश्नास मात्र शंभरावर ठोके लागतात. कारण उत्तर देण्यापूर्वी प्रोसेसरला हातातील सारी अर्धवट कामे पुरी करावी लागतात. हल्ली एकाच मोठ्या संगणकात अनेक आभासी संगणक नांदतात, भाडेकरूंनी भरलेल्या वाड्याप्रमाणे. तेथे ही किंमत आणखी वाढते. इंटेलच्या प्रोसेसरवरील भाडेकरूने हा प्रश्न विचारला, की त्याचे काम थांबवून तो प्रश्न घरमालकाकडे, म्हणजे यजमान आज्ञावलीकडे जातो. मालक उत्तर ठरवितो आणि मग भाडेकरूचे काम पुढे चालू होते. या फेरीत हजाराहून अधिक ठोके खर्च होतात. सेकंदाला तीन अब्ज ठोके देणाऱ्या यंत्रात हजार ठोक्यांची मातब्बरी ती काय, असे वाटेल. परंतु तोच प्रश्न सेकंदात लाखो वेळा विचारला गेला, तर यंत्राचा बराचसा वेळ त्यातच जाईल.

यास्तव लिनक्स सुरुवातीलाच सारे प्रश्न विचारून घेते व उत्तरांचे बिट स्मृतीत एका ओळीत मांडून ठेवते. पुढे कोणत्याही कामात ‘अमुक गुण आहे काय?’ अशी शंका आली, की प्रोसेसरला न विचारता ही ओळ पाहिली जाते.

काही गोष्टी मात्र प्रोसेसर स्वतःहून सांगत नाही. त्या पारखून घ्याव्या लागतात. १९९४ साली अमेरिकेतील थॉमस नाइसली या गणिताच्या प्राध्यापकास आपल्या पेंटियम संगणकाची काही उत्तरे चुकीची येत असल्याचे आढळले. शोधाअंती असे दिसून आले की, भागाकारासाठी त्या प्रोसेसरमध्ये जे कोष्टक कोरलेले होते, त्यातील पाच घरे रिकामी राहिली होती. त्यामुळे बहुतेक भागाकार बरोबर येत, पण मोजके काही चुकत. अशा चुका फार वाईट, कारण त्या ओरडून आपले अस्तित्व सांगत नाहीत. इंटेल कंपनीस सदोष प्रोसेसर बदलून द्यावे लागले आणि त्यापायी ४७ कोटी ५० लाख डॉलरांचा भार सोसावा लागला.

पण जुने प्रोसेसर सर्वांनीच बदलून घेतले असतील कशावरून? लिनक्सच्या लेखकांनी सुरुवातीच्या परीक्षणात एक भागाकार घातला. ४१,९५,८३५ या संख्येला ३१,४५,७२७ ने भागावयाचे, आलेल्या उत्तराला पुन्हा ३१,४५,७२७ ने गुणावयाचे आणि तो गुणाकार मूळ संख्येतून वजा करावयाचा. बाकी शून्य राहिली पाहिजे, हे पाचवीतील मूलही सांगेल. सदोष पेंटियमवर ती २५६ येई. बाकी पाहून कर्नल ‘भागाकाराचा दोष आहे’ किंवा ‘नाही’ अशी नोंद करी. प्रत्येक भागाकाराच्या वेळी ही कसोटी घेतली असती, तर संगणक भागाकार करण्याऐवजी स्वतःवर संशय घेण्यातच दंग राहिला असता.

लिनक्स याहूनही एक पाऊल पुढे जाते. वारंवार लागणाऱ्या काही ठिकाणी टिपण पाहण्याचेही कष्ट ते घेत नाही. एकदा उत्तर कळले, की सुरुवातीलाच ते स्वतःच्या आज्ञावलीतील त्या जागेवरील आज्ञा बदलून या प्रोसेसरला साजेशी आज्ञा तेथे लिहिते. मग तेथे प्रश्नच उरत नाही.

हे टिपण तबकडीवर कायमचे लिहून का ठेवीत नाहीत? वीज गेली की स्मृतीतील टिपण पुसले जाते आणि वीज आल्यावर साऱ्या प्रश्नांची उजळणी करावी लागते. भारनियमनाच्या दिवसांत हे दिवसातून अनेकदा घडावयाचे. तथापि ही उजळणी शहाणपणाची आहे. संगणक बंद असताना कोणी त्याचा प्रोसेसर बदलला असेल, किंवा तीच तबकडी काढून दुसऱ्या संगणकात बसविली असेल. तेव्हा कालचे टिपण आज खोटे ठरेल. शेतातील मातीही काही हंगामांनंतर पुन्हा तपासावी लागते, ती याच कारणाने.

संगणक चालू असतानाच जमीन बदलली तर काय होते, याचा अनुभव २०१४ साली आला. इंटेलच्या काही प्रोसेसरांत अनेक कामे एकमेकांस न अडविता उरकण्याची एक नवी सोय होती. तिच्यात दोष सापडला. तेव्हा प्रोसेसरच्या आत असणाऱ्या सूक्ष्म आज्ञावलीत दुरुस्ती करून ती सोयच बंद करण्यात आली. परंतु काही संगणकांवर ही दुरुस्ती सर्व कामे सुरू झाल्यावर लागू झाली. चालू असलेल्या आज्ञावल्यांच्या टिपणात ‘सोय आहे’ असेच लिहिलेले होते. त्यांनी विश्वासाने ती आज्ञा दिली आणि त्या कोसळल्या. उपाय साधाच निघाला: दुरुस्ती आधी, प्रश्न नंतर. आता अशी दुरुस्ती शक्यतो अगदी प्रारंभीच केली जाते. उशिरा झाली व त्यामुळे गुण बदलले, तर लिनक्स तसा इशारा देते.

दुसरी फसगत निराळ्या प्रकारची होती. मातीचा नमुना शेताच्या एकाच कोपऱ्यातून घेऊ नये, आठ-दहा ठिकाणची माती घ्यावी, असे कृषितज्ज्ञ सांगतात. २०१६ साली सॅमसंगच्या एका मोबाइल प्रोसेसरवर हाच नियम मोडला गेला. त्या प्रोसेसरमध्ये काम करणारे गाभे दोन जातींचे होते, मोठे आणि लहान. मोनो नावाच्या आज्ञावलीला निकटच्या स्मृतीतील जुन्या आज्ञा ओळीओळीने पुसाव्या लागत. त्यासाठी ती ओळीची लांबी एकदा विचारून लक्षात ठेवी. मोठ्या गाभ्याची ओळ १२८ बाइटांची, लहान गाभ्याची ६४ बाइटांची. मोठ्या गाभ्यावर विचारलेले उत्तर घेऊन ती लहान गाभ्यावर गेली, की एक ओळ पुसली जाई व एक तशीच राही. मग शिळ्या आज्ञा पाळल्या जाऊन काम मध्येच बंद पडे, आणि तेही दर वेळी निराळ्या ठिकाणी. लेखकांना कारण शोधता शोधता पुरेवाट झाली.

अशा प्रोसेसरांवर लिनक्स आता प्रत्येक गाभ्याला वेगळे विचारते. मातीचे नमुने एकत्र कालवितात, तशी येथे उत्तरांची सरासरी काढून चालत नाही. ओळीची लांबी असेल तर सर्वांत लहान धरली जाते. एखादा गुण सामान्यतः सर्व गाभ्यांत असेल तरच ‘आहे’ अशी नोंद होते. एकदा नोंद पक्की झाली व आज्ञा तिच्याप्रमाणे बदलल्या गेल्या, की पुढे उशिरा जागा होणारा गाभाही याच यादीवर तपासला जातो. यादीतील एखादा आवश्यक गुण त्याच्याजवळ नसेल, तर त्याला कामावर घेतले जात नाही. उरलेले गाभे त्याच्यावाचून काम चालवितात.