सूर्यवीज आणि मधला माणूस

सूर्यप्रकाशापासून वीज काढण्याचें साहित्य आज जगांत कोठेंही विकत मिळतें. तें गाडीवर घालून रानांतल्या एखाद्या गांवीं नेऊन पोंचविणें फारसें कठीण नाहीं. परंतु तें साहित्य त्या गांवाचें होणें, म्हणजे तेथल्या माणसांनीं तें बसविणें, त्याची निगा राखणें व बिघडल्यास दुरुस्त करणें, हें काम निराळें आहे. त्यासाठीं शिकविणारा आणि शिकणारा यांच्यामध्यें एक तिसरा माणूस लागतो. दोन्ही बाजूंचें बोलणें त्याला समजतें आणि दोन्ही बाजूंना त्याचा भरंवसा वाटतो. या मधल्या माणसाचें महत्त्व कॅनडांतील लिटल बफेलो या लहानशा गांवाच्या हकीकतीवरून चांगलें ध्यानांत येतें.

आल्बर्टा प्रांताच्या उत्तर भागांत, पीस रिव्हर नगराच्या पूर्वेस सुमारें १०० किलोमीटरांवर, अरण्यांत हें गांव वसलें आहे. येथें लुबिकॉन क्री या जमातीचे मूळ रहिवासी राहतात. १८९९ सालीं सरकारचे प्रतिनिधि त्या मुलुखांतील जमातींशीं तह करीत फिरले. पण ते मोठ्या नद्यांच्या वाटेनें गेले आणि आंत रानांत राहणारे हे लोक तहाबाहेरच राहिले. पुढें १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस तेथवर पक्का रस्ता आला आणि रस्त्यामागून तेलाच्या विहिरी आल्या. मूस हें सांबराच्या कुळांतील मोठें जनावर दुर्मिळ झालें, आणि शिकारीवर जगणाऱ्या बहुतेक कुटुंबांवर सरकारी मदतीवर दिवस काढण्याची पाळी आली. या लोकांची जीवनपद्धति धोक्यांत आल्याचा निर्वाळा संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीनें १९९० सालीं दिला. २०११ च्या एप्रिलांत गांवाजवळ तेलाची एक नळवाहिनी फुटून सुमारें २८,००० पिंपें तेल सांडलें. वासानें मळमळूं लागल्यामुळें गांवची शाळा बंद ठेवावी लागली. जमिनीचा दावा मिटला तो २०१८ सालीं, म्हणजे त्या तहानंतर ११९ वर्षांनीं.

अशा गांवांत बाहेरचा कोणी तज्ज्ञ येऊन म्हणूं लागला कीं, "तुमच्या हितासाठीं हें यंत्र आणलें आहे," तर लोकांनीं त्याच्यावर एकाएकीं विश्वास कां ठेवावा? हिताची भाषा त्यांनीं पूर्वींही पुष्कळ ऐकली होती.

२०१५ सालीं या गांवांत जें सूर्यवीज-केंद्र उभें राहिलें, त्यामागें मेलिना लाबुकान-मासिमो ही त्याच जमातीची कन्या होती. तिनें पर्यावरणाच्या चळवळींत अनेक वर्षें काम केलें होतें. बाहेरच्या जगांतील संस्था तिला ठाऊक होत्या, आणि गांवांतील माणसें तर तिचीं स्वतःचींच होतीं. केंद्राला 'पीटापन' असें क्री भाषेंतील नांव दिलें. त्याचा अर्थ पहांट उजाडणें. ८० पॅनेलांचें हें केंद्र २०.८ किलोवॅट शक्तीचें आहे, म्हणजे एकेका पॅनेलचे २६० वॅट झाले. ही वीज गांवच्या आरोग्यकेंद्रासाठीं योजिलेली असून उरलेली वीज सार्वजनिक तारांत सोडली जाते. बसविण्याच्या कामांत गांवांतील लोकांनाही शिकवून सामील करून घेण्यांत आलें.

इतक्या उत्तरेस सूर्यवीज मिळते कशी, अशी शंका येईल. पॅनेलला उष्णता नको, प्रकाश हवा असतो. सिलिकॉनच्या पातळ चकत्यांवर प्रकाश पडला कीं वीज वाहूं लागते. उलट पॅनेल तापलें तर विजेचें प्रमाण घटतें. थंड हवा व उन्हाळ्यांतील लांबलचक दिवस हे तेथें उपयोगीच पडतात. हिवाळ्यांत मात्र दिवस अगदीं आंखूड होतो, आणि तेव्हां तारांतील विजेचाच आधार घ्यावा लागतो. ही उणीव शिकणारांपासून लपवितां कामा नये. अधिक वचन देऊन कमी देण्याचा प्रकार या लोकांनीं फार सोसला आहे.

मधल्या माणसाचें काम साहित्य येण्याच्या पुष्कळ आधीं सुरू होतें. प्रथम विचारावयाचें. क्री लोकांत वडीलधाऱ्यांकडे सल्ला मागण्यास जातांना तंबाखू अर्पण करण्याची रीत आहे. ज्याला ही रीत ठाऊक नाहीं, त्याचा चांगला बेतही उर्मट ठरतो. मग वर्गाचा काळ ठरवावयाचा. शरदांत मुसाच्या शिकारीचे दिवस असतात. त्या दिवसांत वर्ग ठेवला तर बांकें रिकामीं राहतील, आणि शिक्षक शेरा लिहील कीं या लोकांना शिकण्याची आवड नाहीं. तान्ह्या मुलांच्या आयांना वर्गास यावयाचें असेल, तर मुलांस कोणी सांभाळावें हेंही आधींच पाहावें लागतें.

उलट बाजूनें, शिक्षकाचा कडकपणाही गांवाला समजावून द्यावा लागतो. पॅनेलवर ऊन आहे तोंवर त्याच्या तारांत वीज असतेच. मुख्य बटण बंद केल्यानें ती नाहींशी होत नाहीं. म्हणून हातमोजे व जोडणीचा क्रम यांत सूट नाहीं. सार्वजनिक तारांशीं अखेरची जोडणी परवाना असलेल्या वायरमननेंच करावयाची असते. हा तरुणांचा अपमान नव्हे. परवान्याची वाट त्यांनाही मोकळी आहे, आणि ती दाखविणें हें मधल्या माणसाचें मोठें काम आहे.

आपल्याकडेही हा अनुभव नवा नाहीं. मुंबईच्या आय.आय.टी.नें २०१४ सालीं खेड्यांतील मुलांसाठीं सौर अभ्यास-दिव्यांची योजना काढली. तिच्यांत दिवे जोडण्याचें व दुरुस्तीचें काम स्थानिक लोकांनाच शिकवून सोंपविलें. दिवा बिघडला तर शहराकडे पाहत बसण्याची गरज राहूं नये, हाच त्यांतील हेतु होता.

समारंभ होतो, छायाचित्रें निघतात आणि पाहुणे परततात. खरी परीक्षा पुढें असते. एखाद्या गोठलेल्या सकाळीं पॅनेलांवर बर्फ सांचतें किंवा एखादी जोडणी सैल होते. "त्यांचें यंत्र बंद पडलें," असें म्हणून गांव स्वस्थ बसलें, तर सारें शिक्षण फुकट गेलें असें समजावें. पण "आपलें यंत्र बंद पडलें," असें म्हणत कोणी शिडी घेऊन निघाला, तर मधल्या माणसाचें काम सफल झालें.