जुन्या ट्रकच्या ऑइलमध्ये पाणी: हेड उतरवण्याआधी काय बघायचं

जुनी गाडी घेऊन वाहतुकीत उतरायचं, असं मनात असलेले बरेच जण आमच्या ट्रेनिंगला येतात. खान्देशात माल भरपूर आहे. रावेर-यावल पट्ट्यातली केळी, जळगाव एमआयडीसीतली डाळ आणि पीव्हीसी पाइप, धुळ्याहून सुरत आणि इंदूरच्या दोन्ही बाजूंना हायवे. त्यामुळे एखादी जुनी ४०७ किंवा ११०९ घ्यायची आणि दोन-तीन वर्षांत हप्ते फेडून मोकळं व्हायचं, हे गणित कागदावर छान बसतं. हे गणित एका फटक्यात मोडणारं एक दुखणं आहे: इंजिन ऑइलमध्ये रेडिएटरचं पाणी जाणं. टायर फुटला तर एक दिवस जातो, इथे अख्खं इंजिन जाऊ शकतं.

मी मिस्त्री नाही, माझं स्पेअर पार्टचं दुकान आहे. काउंटरवर गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, "भाऊ, हेड गॅस्केट द्या, ऑइलात पाणी आलंय." मी विचारतो, पाणी कुठून येतंय ते बघितलं का? उत्तर ठरलेलं: "नाही, पण गॅस्केटच असणार." गॅस्केट असतंही बऱ्याचदा. पण दुसऱ्याही चार-पाच जागा आहेत. त्या न बघता हेड उतरवलं, गॅस्केट टाकलं, हेड परत बसवलं आणि आठ दिवसांनी ऑइल पुन्हा पांढरं झालं, तर मजुरी दोनदा जाते आणि गाडी दोनदा उभी राहते. मालक तुम्ही आहात, पैसे तुमचे आहेत. पाना हातात धरता आला नाही तरी चालेल, पण कोणत्या क्रमाने काय तपासायचं हे तुम्हाला माहीत हवं.

आधी खात्री करा, की पाणीच आहे

सकाळी गाडी थंड असताना, स्टार्ट करायच्या आधी, डिपस्टिक काढा. ऑइल दुधाच्या चहासारखं किंवा ताकासारखं दिसतंय आणि पातळी वर चढलीय, तर पाणी आहे असं समजा. ऑइल जळून कमी होतं, आपोआप वाढत नाही. वाढलंय म्हणजे बाहेरून काहीतरी आलंय.

मात्र वाढलेलं ऑइल काळंच आहे, पातळ झालंय आणि त्याला डिझेलचा वास येतोय, तर ते डिझेल आहे. तो फीड पंप, डिझेल पंप किंवा नोझलचा विषय, हेडला हात लावायची गरज नाही. दुसरी फसगत हिवाळ्यात होते. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे चांगलीच थंडी पडते. गाडी गावातल्या गावात दोन-चार किलोमीटर फिरत असेल आणि इंजिन नीट गरमच होत नसेल, तर ऑइल भरायच्या झाकणाखाली थोडी पिवळट साय धरते. आतल्या हवेतली वाफ गोठून ती झालेली असते. डिपस्टिकवरचं ऑइल स्वच्छ असेल आणि रेडिएटरचं पाणी कमी होत नसेल, तर गाडी एकदा लांब पळवून आणा, साय जाते.

आता आपल्याकडची खास अडचण. कूलंट असेल तर त्याला रंग असतो, गोडसर वास असतो, लगेच कळतं. पण आपल्या जुन्या गाड्यांत निम्म्या लोकांनी बोअरचं पाणी भरलेलं असतं. त्याला ना रंग ना वास. शिवाय त्या पाण्यातले क्षार आतल्या वाटांमध्ये खपली धरतात, गंज चढतो, इंजिन जास्त तापतं, आणि हे दुखणं सुरूच तिथून होतं. म्हणून रोज सकाळी रेडिएटरमध्ये किती पाणी टाकावं लागतंय ते ड्रायव्हरला वहीत लिहायला लावा. पाणी कमी होतंय आणि खाली जमिनीवर एक थेंबही नाही, तर ते आतच कुठेतरी जातंय.

खात्रीची स्वस्त चाचणी म्हणजे गाडी रात्रभर उभी ठेवायची आणि सकाळी स्टार्ट न करता चेंबरचा ड्रेन बोल्ट हळूहळू सैल करायचा. पाणी ऑइलपेक्षा जड, ते तळाला बसतं. आधी पाणी आलं आणि मग ऑइल आलं, तर विषय संपला. दुसरी चाचणी: ऑइलचे दोन थेंब तापलेल्या तव्यावर टाका. नुसतं ऑइल धूर सोडेल, पाणी असेल तर तडतडेल. तोंड लांब ठेवा, आणि तवा घरचा घेऊ नका.

पाणी दिसलं की गाडी बंद

"एवढी ट्रिप मारून येतो, मग बघू" हे वाक्य सगळ्यात महाग पडतं. क्रँक आणि बेअरिंग यांच्यामध्ये ऑइलचा एक पातळ थर असतो, सगळं वजन तो उचलतो. पाणी मिसळलं की तो थर टिकत नाही आणि धातू धातूला घासतो. कूलंटमधलं ग्लायकॉल तर बेअरिंगच्या धातूलाही खातं. टर्बोची गाडी असेल तर टर्बोचं बेअरिंगही त्याच ऑइलवर चालतं. कन्नडचा घाट किंवा शिरपूरच्या पुढे बिजासन घाट चढताना हे लक्षात आलं, तर बाजूला घ्या आणि टोचन करून आणा. टोचनचा खर्च डोळ्याला दिसतो म्हणून जड वाटतो, पण क्रँक ग्राइंडिंगच्या बिलापुढे तो काहीच नाही.

आणखी एक. पाणी सिलिंडरमध्ये साचलं असण्याची शंका असेल, तर पुन्हा पुन्हा सेल्फ मारू नका. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी नोझल काढायचे, मग इंजिन फिरवायचं.

पाणी जातं कधी आणि कुठून

हा भाग नीट समजून घ्या, कारण सगळं निदान यावर उभं आहे. इंजिन चालू असताना ऑइलचा दाब पाण्याच्या दाबापेक्षा बराच जास्त असतो. रेडिएटरचं कॅप साधारण अर्धा ते एक बार दाब धरतं, ऑइल त्याच्या कितीतरी पट दाबाने फिरतं. म्हणून दाबाचं ऑइल आणि पाणी जिथे शेजारी शेजारी असतात, तिथे चालत्या गाडीत उलट ऑइलच पाण्यात जातं. इंजिन बंद केलं की ऑइलचा दाब शून्यावर येतो, पण गरम पाण्याचा दाब अजून तसाच असतो. त्या वेळी पाणी ऑइलमध्ये उतरतं.

अशी जागा म्हणजे ऑइल कूलर. म्हणून रेडिएटरच्या तोंडाशी काळा तेलकट तवंग, रात्री गाडी उभी राहिली की ऑइल वाढलेलं, आणि चालताना धूर-बीर काही नाही, अशी तिन्ही लक्षणं एकत्र असतील तर माझा पहिला संशय ऑइल कूलरवर जातो. टाटाच्या ज्या गाड्यांना कमिन्सचं सहा सिलिंडरचं बी सीरिज इंजिन आहे, त्यात हा कूलर ब्लॉकच्या कुशीतच बसवलेला असतो, बाहेरून दिसत नाही, म्हणून विसरला जातो.

हेड गॅस्केटची चाल वेगळी. तिथे बऱ्याचदा सिलिंडरमधला गॅस पाण्यात घुसतो. इंजिन चालू असताना रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येतात, पाणी उसळून बाहेर येतं, होज पाइप लगेच कडक होतात, मागे पांढरा धूर. पण हेडला तडा असेल तरी लक्षणं हीच दिसतात, हे लक्षात ठेवा. कॅप थंड गाडीतच उघडा. गरम गाडीचं कॅप उघडून तोंड भाजून घेतलेले ड्रायव्हर प्रत्येक स्टँडवर भेटतील.

तिसरी जागा लायनरच्या खालच्या रबर रिंगा. हे फक्त वेट लायनरच्या इंजिनात, म्हणजे जिथे पाणी थेट लायनरला लागतं तिथे. वर सांगितलेल्या कमिन्समध्ये लायनरच नसतो, तिथे कोणी रिंगा बदलायचं बिल दिलं तर दोन प्रश्न विचारा. चौथी जागा एअर ब्रेकच्या गाडीतला कॉम्प्रेसर. बऱ्याच गाड्यांत तो इंजिनच्याच पाण्यावर थंड होतो आणि इंजिनच्याच ऑइलवर चालतो. त्याचं छोटं हेड किंवा गॅस्केट गेलं, तर पाणी गुपचूप चेंबरमध्ये येतं. इंजिनचं हेड दोनदा उघडून झाल्यावर मग कॉम्प्रेसर सापडला, असं ऐकायला मिळतं. काही इंजिनांत टायमिंग कव्हरमधूनही पाण्याची वाट जाते, तिथलं पॅकिंग गेलं तरी हेच.

मिस्त्रीला काय सांगायचं

"दादा, हेड उतरवायच्या आधी प्रेशर टेस्ट करू." रेडिएटरच्या तोंडाला हातपंप आणि गेज बसवायचं, कॅपवर जेवढा आकडा लिहिलाय तेवढाच दाब द्यायचा आणि वाट बघायची. काटा खाली येतोय आणि बाहेर गळती नाही, तर ऑइल काढून चेंबर उतरवा, पुन्हा दाब द्या, खाली पुठ्ठा अंथरा आणि बॅटरी घेऊन वर बघा. लायनरच्या बुडाशी थेंब धरतोय का, कूलरच्या बाजूने ओघळ येतोय का, पुढून टायमिंग कव्हरमधून येतोय का, की वरून हेडकडून. गळती बारीक असेल तर रात्रभर तसंच ठेवा. घाई करणाऱ्या मिस्त्रीला ही चाचणी आवडत नाही, पण एका रात्रीत अर्धे संशयित बाद होतात.

कूलर काढला की त्यात हवा भरून पाण्याच्या ड्रममध्ये बुडवा. पंक्चरवाला ट्यूब बघतो तसंच. बुडबुडे आले तर चोर सापडला.

हेड उतरवावंच लागलं, तर ते थेट बसवू देऊ नका. लेथवाल्याकडे गरम पाण्यात दाब देऊन तडा तपासून घ्या, कारण बारीक तडा थंड हेडमध्ये मिटलेला असतो. मग पट्टी आणि फीलर गेजने हेड आणि ब्लॉक दोन्ही सपाट आहेत का ते बघायचं. फेसिंग किती चालेल, बोल्ट कोणत्या क्रमाने आणि किती टॉर्कवर कसायचे, हे कंपनीच्या मॅन्युअलप्रमाणे. अंदाजे कसलेलं हेड पुन्हा गळतं.

चेंबर उघडा आहेच, तर दोन-चार बेअरिंग काढून बघा. वरचा करडा थर घासून तांबं दिसायला लागलं असेल तर सेट बदला. मग ऑइल आणि फिल्टर नवे, थोडा वेळ इंजिन चालवून ते ऑइलही काढून टाका, आणि पुन्हा नवं ऑइल आणि फिल्टर. इथे स्वस्तातलं ऑइल चालेल, पहिल्या खेपेला. डिझेल भरून इंजिन पळवायचा जुगाड नको, त्याने बेअरिंगला काहीच वंगण मिळत नाही. काढलेलं कूलंट उघड्यावर ओतू नका. ते गोड लागतं आणि विषारी असतं, गायी-कुत्री चाटतात.

पैशाचं गणित

आकडे उदाहरणापुरते. समजा हप्ता महिन्याला १८,००० आणि ड्रायव्हरचा पगार १५,०००. म्हणजे गाडी उभी असली तरी दिवसाला ११०० रुपये जातात. चुकीच्या जागेवर काम करून गाडी दहा दिवस जास्त उभी राहिली, तर ११,००० असेच गेले. त्यात दुसऱ्यांदा लागलेलं गॅस्केट, ऑइल आणि मजुरी धरलेली नाही, हंगामात हातातून गेलेली भाडी तर नाहीच. प्रेशर टेस्टसाठी एक रात्र घालवणं परवडतं की नाही, तुम्हीच बघा.

काम क्रँकपर्यंत गेलं तर थांबून दोन भाव घ्या: हे इंजिन बांधायचा आणि दुसरं इंजिन टाकायचा. दुसरं टाकलं तर आरसीवर इंजिन नंबर बदलून घ्यावा लागतो, त्याचा वेळ आणि खर्च त्यात धरा. बदललेला प्रत्येक पार्ट जुना परत मागा, आणि बिल कागदावर.

गाडी विकत घ्यायला जाताना हेच सगळं उलट्या बाजूने वापरा. मालकाला सांगून ठेवा की सकाळी येतो, इंजिन थंड ठेवा. पोचल्यावर बॉनेट गरम लागलं तर चहा पिऊन परत या, दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. कालच ऑइल बदललंय असं कौतुकाने सांगितलं तर जास्त लक्ष द्या. डिपस्टिक बघा, रेडिएटरमध्ये तवंग बघा, मग माल भरलेल्या गाडीची एक घाटाची फेरी मागा. फेरीनंतर गाडी रात्रभर उभी राहू द्या आणि सकाळी ड्रेन बोल्ट सैल करून बघू द्या म्हणा. नाही म्हणाला तर बयाणा देऊ नका.