यकृतातलं तपकिरी कडं

अंजूरफाट्यावरून भिवंडीकडे वळलं की दोन्ही बाजूंना गोदामंच गोदामं. औषधांच्या घाऊक वाटपाचं हे मोठं ठाणं, तेव्हा तिथल्या खोक्यांत पॅरासिटामॉल असणारच. ताप आला की आपण विचार न करता घेतो ती गोळी. तिचा खरा प्रवास सुरू होतो यकृतात.

गोळीचा बहुतेक भाग यकृत निमूटपणे बांधून लघवीवाटे घालवतं. थोडासा वाटा मात्र सीवायपी-२ई-१ या विकराच्या, म्हणजे एन्झाइमच्या हाती लागतो. निर्विषीकरण हे याचं काम; पण पॅरासिटामॉलपासून ते चक्क विषारी पदार्थ तयार करतं! (‘डिटॉक्स’ची सरबतं विकणारे हे कधी सांगत नाहीत.) हे विष पेशीतलं ग्लुटाथायोन नावाचं द्रव्य लगेच पकडतं, म्हणून नेहमीच्या मात्रेत काही बिघडत नाही. अतिमात्रेत ग्लुटाथायोनचा साठा संपतो आणि पेशी मरू लागतात. त्यातही आधी मरतात त्या यकृताच्या मोहरीएवढ्या प्रत्येक खंडिकेतल्या मधल्या शिरेभोवतीच्या. कडेच्या पेशी बऱ्याचदा वाचतात.

मधल्याच का? याचं उत्तर प्रतिपिंडानं, म्हणजे अँटीबॉडीनं, डोळ्यांना दाखवलं.

प्रतिपिंड आपल्याला परका नाही. भातशेतीत साप चावला की दवाखान्यात जे इंजेक्शन देतात, ते घोड्याला सापाचं विष टोचून त्याच्या रक्तात तयार झालेल्या प्रतिपिंडांचंच. परळची हाफकिन संस्था अशा इंजेक्शनांसाठीही ओळखली जाते. प्रयोगशाळेत सशाला विषाऐवजी सीवायपी-२ई-१ या विकराचा तुकडा टोचतात. त्याच्या रक्तात तयार होणारे प्रतिपिंड त्या विकराला नेमके जाऊन चिकटतात.

यकृताचा नमुना फॉर्मेलिनमध्ये मुरवून मेणात बसवतात आणि मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्श्यात मोजावे लागतील असे चार-पाच मायक्रॉनचे काप काढतात. फॉर्मेलिननं प्रथिनं जखडून जातात, मग प्रतिपिंडाला शिरकाव कुठून? म्हणून काप उकळत्या द्रावणात ठेवतात. अनेक प्रयोगशाळांत त्यासाठी सरळ प्रेशर कुकर वापरतात. त्यानंतर सशाचा प्रतिपिंड, त्यावर त्याला ओळखणारा दुसरा. दुसऱ्याच्या पाठीवर पेरॉक्सिडेज नावाचं आणखी एक विकर असतं, तेही मोहरीच्या कुळातल्या हॉर्सरॅडिशच्या मुळातून काढलेलं. ते रंगद्रव्याला तपकिरी करतं. पेशींची केंद्रकं निळी रंगवली की सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं: मधल्या शिरेभोवती तपकिरी कडं, बाहेर फिकट निळाई. विकर जिथे दाट, विष तिथेच. १९९६ साली सीवायपी-२ई-१ हे विकर नसलेल्या उंदरांवर प्रयोग झाले, तेव्हा पॅरासिटामॉलच्या मोठ्या मात्रेनं त्यांच्या यकृताची हानी बरीच कमी झाली. नियमित दारूनं मात्र हे विकर वाढतं.

एवढं सगळं पाहून तपकिरी रंगावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. या विकराची भावंडं पुष्कळ आणि चेहरेपट्टी सारखी. ढिसाळ प्रतिपिंड भलत्यालाच मिठी मारतो. शिवाय विकर आहे एवढंच तो सांगतो, ते काम करतंय की नाही ते सांगत नाही. आणखी एक गोम आहे. वाढत्या वयात यकृतात लिपोफ्युसिन नावाचं पिवळट-तपकिरी रंगद्रव्य साठतं आणि तेही नेमकं मधल्या शिरेजवळच! म्हणून जाणता तंत्रज्ञ त्याच नमुन्याचा एक काप पहिला प्रतिपिंड न घालता रंगवतो. त्यातही कडं उमटलं, तर आधीची काचपट्टी बाजूला ठेवून काम पुन्हा पहिल्यापासून.