कापूस वेचणारी नजर

परभणी जिल्ह्यात कापसाचा पहिला वेचा साधारण दसरा-दिवाळीच्या सुमारास येतो. मानवत, सेलू, पाथरीकडच्या काळ्या रानांत तेव्हा वेचणीला बहुतेक बायकाच असतात. कमरेला ओटी बांधायची, दोन ओळींमधून पुढे सरकायचे, फुटलेल्या बोंडातला कापूस बोटांच्या चिमटीने ओढायचा आणि ओटीत टाकायचा. चांगल्या बोंडात चार-पाच ग्रॅम कापूस निघतो, म्हणजे किलोला दोनशे ते अडीचशे बोंडे. दिवसाला वीस किलो वेचणारी बाई चार-पाच हजार वेळा ‘हे घ्यायचे, ते सोडायचे’ असे ठरवत असते. हे काम सर्रास अकुशल समजले जाते. प्रत्यक्षात लक्ष देण्याच्या ज्या क्षमतेवर मेंदूविज्ञानाने अनेक दशके संशोधन केले, तिचा कस इथे दिवसभर लागतो.

एकाच पऱ्हाटीवर पाती, फुले, कच्ची बोंडे, अर्धवट उमललेली, पूर्ण फुटलेली आणि किडकी बोंडे एकत्र असतात. डोळ्यांसमोर हे सगळे असले तरी त्यातले फार थोडे स्पष्ट दिसते. बारीक तपशील टिपतो तो दृष्टिपटलाच्या मध्यावरचा छोटासा खळगा. हात लांब करून अंगठा धरला, तर त्याच्या रुंदीएवढाच भाग एका वेळी स्वच्छ दिसतो. म्हणून डोळा सेकंदाला साधारण तीनदा जागा बदलतो. पुढची उडी कुठे घ्यायची, हे मेंदूला आधीच ठरवावे लागते.

हे ठरते मनात धरलेल्या लक्ष्यावरून. मेंदूचा पुढचा आणि वरचा भाग हे लक्ष्य जागे ठेवतात. त्यांच्याकडून दृष्टिकेंद्रांना जाणाऱ्या संदेशांमुळे शोधत असलेल्या रंगाला, आकाराला प्रतिसाद देणाऱ्या पेशी अधिक जोमाने काम करतात आणि बाकीच्या मागे पडतात. ॲन ट्रीझमन यांनी १९८० मध्ये दाखवले, की एकाच ठळक गुणाने वेगळी असलेली वस्तू गर्दीतूनही आपोआप उठून दिसते. दोन-तीन गुण जुळवून ओळखायची वस्तू मात्र एकेक तपासत शोधावी लागते. हिरव्या पानांतला पांढरा कापूस पहिल्या प्रकारात मोडतो, तो नवख्यालाही दिसतो. कवडी दुसऱ्या प्रकारातली. बोंडअळीने खाल्लेला, किंचित पिवळट, चिकटून राहिलेला हा कापूस चांगल्या कापसाच्या शेजारी, कधी त्याच बोंडात असतो. सरावलेली बाई रंग, घट्टपणा आणि बोटांना लागणारा ताण यांचा मेळ क्षणात घालते. हा मेळ अनेक हंगामांच्या सरावातून बसलेला असतो.

सरावाने आणखी एक गोष्ट साधते. हातांची हालचाल सवयीच्या केंद्रांकडे जाते आणि लक्षाचा काही वाटा मोकळा होतो. त्यामुळे वेचताना गप्पा चालू राहतात. नको ते वगळणारी मेंदूची गाळणी पूर्ण बंदही नसते. एका कानाकडे लक्ष असताना दुसऱ्या कानावर पडलेले स्वतःचे नाव काहींना ऐकू येते, हे नेव्हिल मोरे यांच्या १९५९ च्या प्रयोगात दिसले. बाळाचे रडणे किंवा पाल्यातली सळसळ यांनीही हात थबकतात. ओळखीचे आणि धोक्याचे संकेत गाळणीतून आधी सुटतात.

काय निवडायचे यावर मोबदल्याचीही छाप असते. वुल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांतून दिसले, की डोपामिन पेशी मोबदला किती मिळाला यापेक्षा तो अपेक्षेपेक्षा कमी की जास्त, हे नोंदवतात आणि त्यातून मेंदू शिकतो. वेचणीची मजुरी किलोवर असते. साहजिकच नजर वजनाकडे वळते: टपोरी बोंडे आधी दिसतात, पाला आणि काडीकचरा दुर्लक्षित राहतो. दोष वेचणारीचा नाही; ज्याचे पैसे मिळतात तेच मेंदू टिपायला शिकतो. कापूस स्वच्छ हवा असेल, तर स्वच्छ वेचणीला मजुरीत वेगळा वाटा द्यायला हवा.

लक्ष थकतेही. नॉर्मन मॅकवर्थ यांनी १९४८ मध्ये दाखवले, की क्वचित येणारी खूण सतत शोधणाऱ्या माणसाची पारख पहिल्या अर्ध्या तासातच घसरू लागते. मधल्या विश्रांतीने ती सावरते. वेचणीत ऊन, तहान आणि कमरेवरचे वाढते ओझे यांची भर पडते. दुपारनंतर ओटीत कवडी जास्त सापडू लागली, तर निष्काळजीपणाचा ठपका ठेवण्याआधी पाणी, सावली आणि मधली सुटी यांचा विचार व्हावा.

कापूस वेचणीचे रूढ नियमही लक्षाचा हा भार हलका करणारे आहेत. दव वाळल्यावरच वेचावे, म्हणजे ओला कापूस वेगळा पारखावा लागत नाही. कवडीसाठी वेगळी पिशवी ठेवावी, म्हणजे निवड झाडापाशीच संपते. पहिला आणि नंतरचा वेचा वेगळा साठवावा, म्हणजे एकाची प्रत दुसऱ्यामुळे उतरत नाही. जिनिंगमध्ये कापसाची प्रत ठरते खरी, पण तिची पहिली पारख शेतातच, वेचणाऱ्या बाईच्या नजरेने झालेली असते. त्या पारखीला कौशल्य मानून तिचे मोल मजुरीत धरले पाहिजे.