वाघ पाहण्याचे मोल

पांढुर्णा आणि सौंसर ह्या आपल्या भागात रानाचा विषय निघाला की तो बहुधा नुकसानीचाच असतो. रानडुकरे मका लोळवतात, नीलगाई हरभरा फस्त करतात. पण हेच रान पाहण्यासाठी दूरदूरचे लोक आनंदाने पैसे मोजतात, हेही तितकेच खरे आहे.

आपल्या पूर्वेस, शिवनी व छिंदवाडा जिल्ह्यांत, पेंचचे अरण्य आहे. १९८३ साली ते राष्ट्रीय उद्यान व १९९२ साली व्याघ्र प्रकल्प झाले. तेथील 'कॉलरवाली' वाघिणीची हकीकत पाहा. गळ्यातील रेडिओपट्ट्यावरून तिला हे नाव पडले. आठ वेतांत तिने २९ बछड्यांना जन्म दिला व १५ जानेवारी २०२२ रोजी ती वृद्धापकाळाने वारली. शिकाऱ्याने तिला मारले असते, तर कातड्याचा पैसा एकदाच व तोही चोराच्याच हाती पडता. ती जगली म्हणून वर्षानुवर्षे वाटाडे, जीपचालक, खानावळवाले, दूधवाले ह्यांच्या चुली पेटत राहिल्या. कित्येक प्रवासी वाघाकरिता येतात आणि चितळ पाहून परततात. शुल्क मात्र तेवढेच भरतात!

हा पैसा रानाकडे वळावा कसा? वन्यजीव कायद्यात २००६ साली झालेल्या दुरुस्तीने प्रत्येक व्याघ्र प्रकल्पासाठी एक प्रतिष्ठान ठरविले. प्रवेशशुल्काचा पैसा तेथेच खर्चावा व भोवतालच्या गावांस त्याचा लाभ व्हावा, हा त्याचा एक उद्देश. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रकल्पांच्या गाभाक्षेत्रांतील पर्यटन काही महिने थांबविले, तेव्हा किती घरांचा आधार त्यावर होता ते उघड झाले. अर्थात एका वाघाभोवती वीस जीपगाड्यांनी कोंडाळे करावे, ह्याला रक्षण म्हणता येणार नाही.

परंतु अडचण दुसरीच आहे. पैसा तुरियासारख्या प्रवेशद्वारापाशी जमतो. नुकसान मात्र द्वारापासून दूरच्या शेतकऱ्यालाही सोसावे लागते. सातपुडा व पेंच ह्या दोन अरण्यांना जोडणारा वन्य प्राण्यांचा मार्ग छिंदवाड्याच्या रानांतून जातो. २०२३ साली वेगळा जिल्हा झालेल्या पांढुर्ण्यातही रान आहेच. पण त्याच्या कडेला तिकीटघर नाही. येथील शेतकऱ्याच्या पदरी कपाशी, संत्री आणि रात्रीची राखण. त्याला भरपाई वेळेवर मिळाली आणि शुल्कातील काही वाटा ह्या मार्गावरील गावांपर्यंत पोहोचला, तर कुंपणात विजेची तार सोडण्यापूर्वी तो दोनदा विचार करील.