एका फ्रेमची किंमत

‘कार्ड’ हा शब्द कानी पडला की आम्हा बँकवाल्यांच्या डोळ्यांसमोर डेबिट किंवा क्रेडिट कार्डच उभे राहते. म्हणूनच २०२५ च्या दिवाळीत माझा भाचा “मामा, कार्ड घ्यायचंय, तुझा सल्ला हवा” असे म्हणाला, तेव्हा मी सवयीने वार्षिक शुल्क आणि व्याजदर समजावू लागलो. तो हसला. त्याला हवे होते संगणकावरील खेळांसाठीचे ग्राफिक्स कार्ड. मात्र ते घेण्यासाठी तो क्रेडिट कार्डावर बारा हप्ते बांधून घेणार होता, आणि नोकरीला लागून त्याला जेमतेम चार महिने झाले होते. प्रश्न फिरून माझ्याच टेबलावर आला.

ग्राफिक्स कार्ड म्हणजे संगणकाच्या पडद्यावरील चित्र तयार करणारे स्वतंत्र यंत्रांग. ते सेकंदाला जितकी चित्रे, म्हणजे ‘फ्रेम’, तयार करील तितका खेळ सफाईने चालतो. या बाजारात मुख्य स्पर्धा दोघांची. १९९३ साली स्थापन झालेली एनव्हिडिया आणि २००६ साली एटीआय ही कंपनी विकत घेऊन या क्षेत्रात उतरलेली एएमडी. भाच्याच्या मनातही या दोघांचीच कार्डे होती : एनव्हिडियाचे आरटीएक्स ५०६० टीआय आणि एएमडीचे आरएक्स ९०६० एक्सटी. दोन्ही २०२५ मध्येच बाजारात आलेली. १६ जीबी मेमरीच्या आवृत्तीची जाहीर किंमत पहिल्याची ४२९ डॉलर, तर दुसऱ्याची ३४९ डॉलर. आपल्याकडे त्यात १८ टक्के जीएसटी आणि आयातदार-विक्रेत्यांचा नफा मिळवला जातो.

भाच्याचा कल महागड्या कार्डाकडे होता. “ते जास्त वेगवान आहे,” हे त्याचे म्हणणे खोटेही नव्हते. पण किती वेगवान आणि किती महाग, हे दोन आकडे शेजारी मांडल्याशिवाय निर्णय घेऊ नये, हे वाणिज्य शाखेने शिकवलेले सूत्र येथेही लागू पडते. जाहीर किमतीतील फरक ८० डॉलरचा, म्हणजे सुमारे २३ टक्क्यांचा. बहुतेक चाचण्यांत नेहमीच्या खेळांतील वेगाचा फरक मात्र एकअंकी टक्क्यांतच राहतो. प्रकाशाचे किरण व परावर्तन हुबेहूब दाखवणाऱ्या ‘रे ट्रेसिंग’मध्ये एनव्हिडियाची आघाडी अधिक आहे, हेही नमूद करायला हवे.

समजण्यास सोपे म्हणून एक काल्पनिक उदाहरण घेऊ. ३६,००० रुपयांचे कार्ड ९० फ्रेम देते आणि ४५,००० रुपयांचे १०० फ्रेम. सरासरीने पाहता एका फ्रेमला अनुक्रमे ४०० आणि ४५० रुपये पडतात. फरक किरकोळ वाटतो. पण शेवटच्या १० फ्रेमसाठी आपण ९,००० रुपये मोजले, म्हणजे त्या प्रत्येक फ्रेमची किंमत ९०० रुपये झाली! अर्थशास्त्रात यालाच सीमांत खर्च म्हणतात. खरेदीत फसगत होते ती येथेच.

मग मी त्याला विचारले, “तुझा मॉनिटर सेकंदाला किती चित्रे दाखवतो?” त्याने पाहिले. साठ! कार्डाने शंभर फ्रेम तयार केल्या तरी त्याचा पडदा साठच दाखवणार होता. न दिसणाऱ्या फ्रेमसाठी बारा महिने हप्ते भरायचे का, हा प्रश्न मग मला विचारावाच लागला नाही.

विजेचा हिशेबही आम्ही मांडला. या दोन कार्डांच्या कमाल वीजवापरात सुमारे २० वॅटचा फरक आहे. रोज दोन तास खेळले तरी वर्षाला पंधरा युनिटच्या आतच. त्यामुळे तो मुद्दा आम्ही सोडून दिला. प्रत्येक बचत महत्त्वाची नसते, हेही हिशेबानेच कळते.

उरला प्रश्न हप्त्यांचा. ‘नो-कॉस्ट ईएमआय’ या शब्दांवर तरुण ग्राहक फार लवकर विश्वास ठेवतात. शून्य टक्के व्याज अशी गोष्ट प्रत्यक्षात नसते, असे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच स्पष्ट केले आहे. अशा योजनेत व्याजाइतकी सूट वस्तूच्या किमतीत दाखवली जाते. रोखीने घेताना मिळू शकणारी सवलत मात्र अनेकदा हातची जाते. शिवाय क्रेडिट कार्डाच्या हप्त्यातील व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो आणि प्रक्रिया शुल्क असल्यास ते निराळेच.

आठवडाभराने आम्ही दोघे दिल्लीच्या नेहरू प्लेस बाजारात गेलो. एका दुकानात तेच कार्ड बरेच स्वस्त सांगितले गेले. भाचा हरखला. खोक्यावरील बारीक अक्षरे वाचली तेव्हा कळले की ती ८ जीबीची आवृत्ती होती. दोन्ही कंपन्यांची ही कार्डे ८ आणि १६ जीबी अशा दोन प्रकारांत एकाच नावाने विकली जातात. नव्या खेळांना ८ जीबी अपुरे पडू लागले आहे, म्हणून ही स्वस्ताई पुढे महागात पडते. बिलावर मेमरी आणि अनुक्रमांक दोन्ही लिहून घ्यावेत, हा आमचा त्या दिवसाचा धडा.

अखेर भाच्याने एएमडीचे १६ जीबीचे कार्ड साठवलेल्या पैशांतून, एकही हप्ता न बांधता घेतले. मात्र हे उत्तर सर्वांना लागू पडेल असे नाही. त्रिमितीय ॲनिमेशन किंवा कृत्रिम बुद्धिमत्तेचे काम शिकणाऱ्याला एनव्हिडियाच्या ‘क्यूडा’ प्रणालीचा मोठा आधार असतो. त्याच्यासाठी ८० डॉलर अधिक मोजणे हा खर्च नसून गुंतवणूक ठरेल.

परवा भाच्याचा फोन आला. एका नव्या खेळात रे ट्रेसिंग बंद ठेवावे लागते, अशी त्याची किंचित तक्रार होती. “पण मामा,” तो पुढे म्हणाला, “पगार झाला की तो माझाच असतो!” कर्ज देणे हा आमचा व्यवसाय खरा, तरीही हे वाक्य ऐकून मला मनापासून समाधान वाटले.