मूल ऐकतच नाही, मारामारी करतं. आधी गोळी की आधी पालकांचं प्रशिक्षण?

बिलोली : वर्गात एका जागी न बसणारं, घरात वस्तू फेकणारं, रोज भांडण घेऊन येणारं मूल. 'मोठं झालं की सुधारेल' म्हणत काही पालक थांबतात, काही हात उगारतात, तर काही डॉक्टरांकडे थेट गोळी मागतात. यातलं योग्य काय?

लगेच औषध लागतं का?
4 ते 6 वर्षांच्या मुलांत अतिचंचलता म्हणजेच एडीएचडी असेल, तर आधी पालकांना प्रशिक्षण द्यावं, असं अमेरिकन बालरोग अकादमीची 2019 ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. त्यापुढच्या वयात औषध आणि वर्तनोपचार, दोन्हींचा सल्ला आहे. नुसता हट्ट किंवा आक्रमकपणा असेल, तर औषध हा नेहमीचा उपाय नाही.

प्रशिक्षणात काय शिकवतात?
- चांगलं वागल्यावर लगेच कौतुक
- एका वेळी एकच, छोटी सूचना
- किरकोळ हट्टाकडे दुर्लक्ष
- नियम मोडल्यास आधी सांगितलेलाच परिणाम

आई 'नाही' म्हणाली आणि आजीने दिलं, तर रडल्यावर मिळतं हेच मूल शिकतं. म्हणून नियम घरातल्या सगळ्यांनी पाळायचे. सुरुवातीला हट्ट वाढूही शकतो. अनेक पालक नेमके तिथेच सोडून देतात.

पालकांना काय हवं असतं?
उत्तर अमेरिकेतल्या एका अभ्यासात बहुतांश पालकांनी गटात बसण्यापेक्षा स्वतंत्र मार्गदर्शनाला पसंती दिली. बिलोलीत प्रश्न फेऱ्यांचाही आहे. नांदेडला एकदा जायचं म्हणजे गाडीभाडं आणि बुडालेली मजुरी. त्यामुळे पहिल्याच भेटीत विचारा: किती वेळा यावं लागेल? पुढचं फोनवर होईल का? गोळीने भूक, झोप कमी होईल का? झेपेल असा उपचार ठरला, तरच तो पूर्ण होतो.

मदत कुठे मिळेल?
- राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी आणि सरकारी शाळांत मुलांची तपासणी होते. त्यात वर्तनाच्या समस्याही येतात. पथक आल्यावर स्वतःहून सांगा.
- नांदेडमध्ये डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, विष्णुपुरी.
- टेलि-मानस : 14416. मोफत, 24 तास.

शाळेत मार मिळतो?
शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 17 नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळाला बंदी आहे. 'दोन फटके द्या' असं पालकांनी सांगितलं, तरी शिक्षकांना मुभा मिळत नाही.

मूल स्वतःला किंवा इतरांना गंभीर इजा करत असेल, तर थांबू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.